पालक बियावर का जातो? — एका पालेभाजीचा इतिहास

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून मूळ गावे, कुलदैवते, वतने आणि कर्त्या पूर्वजांची चरित्रे यांविषयी पुष्कळ लेखन प्रसिद्ध होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या बागाईतीवर आपल्यांतील कित्येक घराण्यांचा योगक्षेम पिढ्यानपिढ्या चालला, तिच्या इतिहासाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ऊस आणि द्राक्षे यांना कोणी ना कोणी इतिहासकार भेटतो. पालेभाजीला भेटत नाही. कारण ती पहाटे खुडली जाते आणि सायंकाळपर्यंत संपून जाते. तिचा ताम्रपट नाही, सनद नाही. अशा एका भाजीचा, आणि तिच्याविषयीच्या एकाच प्रश्नाचा, मागोवा येथे घ्यावयाचा आहे. भाजी पालकाची, आणि प्रश्न प्रत्येक भाजीवाल्या घराने कधी तरी विचारलेला: हा बियावर इतक्या लौकर का जातो?

ज्यांचा आता मातीशी संबंध उरलेला नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा अवश्य आहे. पालकाचे रोप प्रथम जमिनीलगत पानांचा झुबका करून बसते. हाच काळ माळ्याच्या कमाईचा. पुढे एके दिवशी त्या झुबक्याच्या मधून दांडा डोके वर काढतो, भराभर उंच होतो, वरची पाने लहान व निमुळती होत जातात, चव उग्र होते, आणि त्या जुडीला बाजारात कोणी हात लावीत नाही. आपले लोक याला ‘दांडा धरला’, ‘फुलोऱ्यावर आला’ किंवा ‘बियावर गेला’ असे म्हणतात. एक कापणी अधिक मिळणे किंवा न मिळणे यांतच लहान बागाईतदाराच्या हंगामाचा नफातोटा सामावलेला असतो. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. ज्याला आपण महाराष्ट्रात पालक म्हणतो तो, आणि इंग्रजी पुस्तकांत ज्या भाजीचे वर्णन असते तो, हे दोन पालक एक नव्हेत. आपला देशी पालक हा बीटाच्या जातकुळीतील आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला ‘बीटा बेंगालेन्सिस’ असे शास्त्रीय नाव दिले होते. आता त्याला बीटाचाच एक पोटप्रकार मानतात. विलायती पालक निराळा. त्याचे शास्त्रीय नाव ‘स्पिनासिया ओलेरासिया’. चाकवत, चंदनबटवा, राजगिरा यांच्याप्रमाणे दोघेही एकाच मोठ्या कुळात मोडतात खरे, परंतु ते सख्खे भाऊ नसून लांबचे भाऊबंद आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. देशी पालकाचे ‘बी’ म्हणजे बीटासारखा खडबडीत गेंद असतो, आणि एका गेंदातून दोन-तीन रोपे उगवतात. विलायती पालकाचे बी सुटे असते, काही जातींत गोल तर काहींत काटेरी. देशी पालकाच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात. विलायती पालकात बहुधा नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे.

नावाच्या या ऐक्याने नुकसान होते ते असे, की विलायती पालकासाठी लिहिलेला उपदेश देशी पालकाला जसाच्या तसा लावला जातो आणि तो लागू पडला नाही म्हणजे दोष बियाण्याला किंवा माळ्याला दिला जातो. तथापि फुलोऱ्याच्या प्रश्नाचा उलगडा प्रथम विलायती पालकावर झाला, म्हणून आधी त्याचा प्रवास पाहू आणि मग घरी परत येऊ.

विलायती पालकाचे मूळ घर इराण व त्याच्या ईशान्येकडील मध्य आशियाचा प्रदेश. तुर्कस्तानच्या बाजूस आढळणारी एक रानटी जात हीच त्याची पूर्वज असावी, असे अलीकडच्या आनुवंशिक संशोधनावरून दिसते. फारसी ‘अस्पनाख’ या शब्दापासून अरबी, स्पॅनिश, फ्रेंच आणि इंग्रजी नावे उत्पन्न झाली. पूर्वेकडील नावाची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. चिनी इतिहासग्रंथांत अशी नोंद आहे की इ. स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाकडून तांग सम्राटाच्या दरबारी ज्या भेटी गेल्या, त्यांत ही भाजी होती. चिनी लोक तिला ‘पो-लेंग’ म्हणू लागले. बर्टोल्ड लॉफर या पंडिताने १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या चीन व इराण यांच्या संबंधांवरील ग्रंथात या नावाचा संबंध भारतीय ‘पालंक’ शब्दाशी जोडला आहे. आपल्याकडे सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात शाकवर्गात ‘पालंक्या’ येते. मात्र केवळ नावावरून ती बीटाच्या जातीची की इराणी जातीची हे ठरत नाही. नाव एका वनस्पतीवरून दुसरीवर सरकण्याचा प्रकार भाज्यांच्या बाबतीत सर्रास घडतो.

पश्चिमेकडे ही भाजी अरबांनी नेली. स्पेनमधील सेव्हिल हे त्या काळी बागाईतशास्त्राचे मोठे पीठ होते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे इब्न अल-अव्वाम याने लिहिलेल्या कृषिग्रंथात पालकाला पालेभाज्यांचा नायक म्हटले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, सुमारे १३९० मध्ये, इंग्लंडच्या राजाच्या मुदपाकखान्यातील पाककृतींच्या संग्रहातही पालक येऊन पोचलेला दिसतो.

आता गंमत अशी की इराण, सेव्हिल आणि लंडन ही ठिकाणे क्रमाने अधिकाधिक उत्तरेस आहेत. हवा थंड होत गेली, म्हणजे थंडी मानवणाऱ्या या भाजीला उत्तरेत सुख लाभावयास हवे होते. घडले उलटेच. वसंत ऋतू सरून ज्येष्ठाचे दिवस आले, की तिकडच्या थंड हवेतही पालक दांडा धरू लागे. तिकडच्या माळ्यांनी अनुभवाने तोड काढली. काटेरी बियांच्या जाती हिवाळी म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस पेरावयाच्या, गोल बियांच्या जाती उन्हाळी म्हणून थंडी सरताच पेरावयाच्या, आणि भर उन्हाळ्यात थोड्या थोड्या दिवसांनी नवी पेरणी करीत राहावयाचे. बी विकणाऱ्यांनी आणखी एक युक्ती केली. शेतात जी झाडे सर्वांच्या आधी दांडा धरीत ती उपटून टाकून उशिरा फुलणाऱ्यांचेच बी ते धरीत गेले. अमेरिकेतील ‘ब्लूम्सडेल लाँग स्टँडिंग’ या प्रसिद्ध जातीच्या नावातील शेवटच्या दोन शब्दांचा अर्थच ‘पुष्कळ दिवस उभा राहणारा’ असा आहे.

काहींनी तर झगडा सोडून भाजीच बदलली. कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावरील जोसेफ बँक्स यांनी न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरची एक मांसल पानांची वनस्पती इंग्लंडमध्ये आणली. ती पालकाच्या कुळातील नाही, परंतु उन्हाळ्यात टिकते; म्हणून तिला ‘न्यूझीलंड पालक’ हे नाव पडले. आपल्याकडील मायाळूलाही इंग्रजीत ‘मलबारी पालक’ म्हणतात ते याच कारणाने. ही सारी तोड शहाणपणाची होती. परंतु ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणापाशीही नव्हते. बहुतेकांची समजूत उष्णतेमुळे पालक बियावर जातो अशीच होती.

उत्तर मिळाले ते एका भलत्याच पिकाकडून. अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात तंबाखूच्या शेतात एक विलक्षण झाड निपजले होते. ते उन्हाळाभर वाढतच राही, पुरुषभर उंचीच्याही वर जाई, पण फुलत नसे. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून एवढी भरघोस जात हातची जाण्याची भीती. तीच झाडे काचघरात नेली की हिवाळ्यात मात्र लहानपणीच फुलत. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील सरकारी प्रयोगक्षेत्रावर वाइटमन गार्नर व हॅरी अॅलार्ड हे दोघे शास्त्रज्ञ या कोड्याच्या मागे लागले. (ती जमीन पुढे अमेरिकेच्या युद्धखात्याने घेतली, शेतीच्या जमिनीचे असे होणे कोठेच नवे नाही.) ऊब, ओलावा, खत, प्रकाशाची तीव्रता या एकेका कारणाचा विचार करून त्यांनी ते बाजूस सारले. शेवटी १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी एक लहानशी अंधारी खोपटी उभारली आणि भर उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास कुंड्या आत नेऊन सकाळी नऊला बाहेर काढण्याचा क्रम ठेवला. उन्हाळ्याचा लांब दिवस असा तोकडा केल्याबरोबर तो तंबाखू फुलला. १९२० साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: पुष्कळ वनस्पतींचे फुलणे हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. काही दिवस लहान झाल्यावर फुलतात, काही दिवस मोठा झाल्यावर, आणि काहींना त्याचे सोयरसुतक नसते.

विलायती पालक हा दीर्घ दिवसाच्या वर्गातला निघाला. उत्तरेत तो का टिकत नसे याचे रहस्य आता उलगडले. ज्येष्ठात पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, दिल्लीचा चौदा तासांचा, तर लंडनचा साडेसोळा तासांहून अधिक असतो. जातीपरत्वे बारा ते पंधरा तासांच्या दरम्यान एक मर्यादा असते. दिवस तिच्यापुढे गेला की पालकाला निसर्गाचा निरोप पोचतो. हवा थंड असली तरी दिवस मोठा, म्हणून तो लंडनला फुले.

हा निरोप झाडाच्या कोणत्या अवयवाला पोचतो? या प्रश्नाचे उत्तर तर प्रत्यक्ष पालकानेच दिले, आणि त्याबद्दल वनस्पतिशास्त्र त्याचे कायमचे ऋणी आहे. जे. ई. नॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. फूल निघते ते मधल्या कोंबातून. म्हणून कोंबालाच दिवस समजत असावा असे कोणासही वाटेल. नॉट यांनी पाने व कोंब यांना वेगवेगळा प्रकाशकाळ दिला. कोंबाला लहान दिवस व पानांना मोठा दिवस मिळाला तरी फुलोरा निघाला. म्हणजे दिवस मोजते ते पान, आणि वार्ता कोंबाला कळविते तेही पान. पुढे चार वर्षांनी, १९३८ मध्ये, हॅमनर व बॉनर यांनी दुसऱ्या एका वनस्पतीवर दाखविले की झाड खरे तर दिवस मोजीतच नाही. ते अखंड रात्र मोजते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पाडला तरी त्याचा हिशेब चुकतो. जपानात रस्त्यावरील दिव्यांलगतचा पालक लौकर फुलोऱ्यावर येतो अशी शेतकऱ्यांची तक्रार व तिची शास्त्रीय नोंदही आहे. शहरे आपल्या मळ्यांच्या बांधापर्यंत येऊन ठेपली आहेत आणि रात्रभर दिवे जळत असतात. अशा ठिकाणी विलायती पालक लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

उष्णतेवर घेतलेला आरोप मग खोटाच होता काय? सर्वस्वी नव्हे. नॉट यांनीच १९३९ साली उष्णतामान व दिवस यांचा परस्परसंबंध तपासला. मुख्य सूत्रधार दिवस. ऊन त्याचे काम लौकर उरकून देते एवढेच. रोप लहान असता त्याला गारठा लागला आणि मागून दिवस वाढू लागले, तर दांडा अधिकच त्वरेने निघतो. पाण्याची ओढ, दाटी आणि निकस जमीन यांनीही घाई होते, परंतु ती सारी दुय्यम कारणे आहेत. पुढच्या काळात झेवार्ट यांनी दाखविले की दांडा उंच होणे व फूल धरणे या दोन क्रिया एकमेकींस चिकटलेल्या दिसल्या तरी निराळ्या आहेत. उंची वाढविण्याचे काम ‘जिबरेलिन’ या द्रव्याकडे असते, आणि मोठ्या दिवसांत पालकात त्याचा जोर वाढतो. हे द्रव्य प्रथम सापडले ते भाताच्या एका रोगात, जपानी शास्त्रज्ञांना. एका भाजीच्या दांड्याचे कारण शोधताना तंबाखू, गोखरूसारखे तण आणि भाताचा रोग यांच्या साक्षी घ्याव्या लागल्या, हे या इतिहासातले मला सर्वांत मनोरंजक वाटणारे अंग आहे.

आता घरच्या पालकाकडे वळू. त्याचे युरोपातील भाऊबंद, म्हणजे बीट, हे दोन वर्षांचे पीक. पहिल्या वर्षी पाने व कंद, मग कडक हिवाळा, आणि त्यानंतर मोठ्या दिवसांत फुलोरा. कडक थंडीवाचून त्यांना बी येत नाही. म्हणूनच असले बी आपल्या देशात काश्मीर किंवा कुलूसारख्या डोंगरी मुलखातच धरावे लागते. देशी पालकाने मात्र ही अट पुष्कळशी सोडून दिली आहे. उत्तरेच्या मैदानांतील सौम्य हिवाळाही त्याला पुरतो. आश्विन-कार्तिकात पेरलेला पालक माघ-फाल्गुनात दांडा धरतो आणि वैशाखाच्या सुमारास बी तयार होते. मैदानी प्रदेशातील माळ्याला आपले बी आपल्या शेतात मिळावे, म्हणून ज्या झाडांनी थोडक्या थंडीत बी दिले तीच पिढ्यानपिढ्या राखली गेली असावीत. म्हणजे आज जो दोष आपल्याला खुपतो, त्याच गुणामुळे हे पीक येथे रुजले. तो गुण नसता तर आपण दरसाल बियाण्यासाठी पहाडाकडे तोंड करून बसलो असतो.

महाराष्ट्रात कडक उन्हाळ्याचे दोन महिने वगळले तर पालक वर्षभर पेरता येतो. पेरणीपासून सुमारे एका महिन्यात पहिली कापणी येते व पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी दुसरी. पावसाळी पेरणीला थंडीचा निरोप मिळालेला नसल्याने तिला दांड्याचे भय कमी, पानांवरील ठिपक्यांचे भय अधिक. हिवाळी पेरणी पानाला उत्तम. पण संक्रांतीनंतर तिच्याकडून फार अपेक्षा करू नये, नवा वाफा आधीच तयार ठेवावा. ओळींत एक वीत अंतर ठेवणे, पाण्याला खाडा न पडू देणे, प्रत्येक कापणीनंतर थोडे नत्र देणे आणि कापणी वेळेवर करणे यांनी दांडा थांबत नाही, पण लांबतो. विलायती पालक लावावयाचा असेल तर तो आश्विनानंतरच लावावा, कारण त्या वेळी दिवस बारा तासांच्या आत येऊन आणखी लहान होत असतो. वैशाख-ज्येष्ठात मात्र माठ, चवळई, अंबाडी व मायाळू या आपल्या जुन्या भाज्यांनाच जागा द्यावी. त्या काळात पालकाचा हट्ट धरणे म्हणजे सूर्याशी भांडणे होय.

सरकारी संशोधनानेही या कामी हातभार लावला आहे. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेली कृषिसंशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली, दिल्लीस हलविण्यात आली. तरी तिच्या वाणांनी ‘पुसा’ हे नाव सोडले नाही. ‘ऑल ग्रीन’ हा तिचा पालक सर्वत्र पसरला आहे, आणि त्याच्यावर रासायनिक प्रक्रिया करून गुणसूत्रांची संख्या वाढविलेला ‘पुसा ज्योती’ हा जाड, रसरशीत पानांचा आहे. कुलू खोऱ्यातील काटराईं केंद्रात साखरबीट व देशी पालक यांच्या संकरातून ‘पुसा हरित’ निघाला; तो उशिरा दांडा धरणारा म्हणून ओळखला जातो. येथेही बीटाचे रक्त उपयोगी पडले, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

परंतु विकतचा वाण कितीही चांगला असला तरी घरी बी धरण्याची रीत चुकीची असेल तर तो चार वर्षांत बिघडतो. पुष्कळ घरांतून असे चालते की पालकाचा ताजा वाफा विक्रीसाठी राखावयाचा, आणि जी झाडे आधीच बियावर गेली ती भाजीच्या कामाची नाहीत म्हणून बियाण्यासाठी सोडून द्यावयाची. काटकसर म्हणून ही गोष्ट समजण्यासारखी आहे. तथापि फुलोऱ्याची घाई ही अंशतः आनुवंशिक असते. उतावळ्या झाडांचे बी म्हणजे उतावळ्यांचीच पुढची पिढी. आणि मग ‘अलीकडे बियाणेच वाईट येते’ असे आपण म्हणू लागतो. रीत याच्या नेमकी उलट असावी. बियाण्याचा वाफा वेगळा करून त्यातील पहिल्याने दांडा धरणारी झाडे, फूल उमलण्यापूर्वीच, निर्दयपणे उपटावीत आणि जी सर्वांच्या शेवटी बियावर जातील त्यांचेच बी धरावे. विलायती पालकात तर पाने थोडी देऊन सर्वांआधी फुलणारी झाडे बहुधा नर असतात. ती वेळीच काढली नाहीत तर त्यांचा पराग सगळ्या वाफ्यात पसरतो.

पराग पसरतो म्हटले, त्यात एक अडचण आहे आणि ती एकट्या घराला सुटण्यासारखी नाही. पालकाचा पराग अतिशय हलका असून तो मुख्यतः वाऱ्याने वाहून जातो. देशी पालकाचा संकर शेजारच्या पालकाशी तर होतोच, पण फुलावर आलेल्या बीटाशीही होतो. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाफ्यांत निदान एक किलोमीटरचे अंतर ठेवतात. एवढी जमीन आपल्यांपैकी कोणाच्या एका बांधात आहे? भाऊबंदांची शेते एकमेकांस लागून असतात. एकाने उतावळी झाडे उपटली आणि शेजारच्याने ती तशीच ठेवली, तर पहिल्याच्या बियाण्यातही ती येणारच. यास्तव एका शिवारात एकाच घराने एका वर्षी बी धरावे, बाकीच्यांनी आपला पालक फुलोऱ्यापूर्वी कापून टाकावा, आणि पुढल्या वर्षी पाळी बदलावी. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आपण आजवर सांभाळीत आलो आहोत. त्याच बैठकीत बियाण्याची पाळीही ठरविता येईल, आणि ती माघापूर्वी ठरली पाहिजे.